नर्सरीच्या वहीत पानभर 'अ', पण मूल वाचायला शिकतंय का?

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि महिनाभरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येऊ लागतात. वहीचं एक पान, त्यावर ठिपक्यांवरून गिरवलेला 'अ' आणि खाली बाईंनी दिलेला स्टार. वही ज्या मुलाची असते, ते जेमतेम साडेतीन वर्षांचं असतं. ज्यांच्या घरी अजून अशी वही आलेली नाही, त्यांची घालमेल सुरू होते.

पण लवकर गिरवलं म्हणजे लवकर वाचता आलं, असं होतं का?

'असर' या ग्रामीण पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की, देशात तिसरीतल्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. हा दोष नर्सरीतल्या गिरवण्याचा आहे, असं या आकड्यावरून सिद्ध होत नाही. मात्र अक्षरं ओळखणारी, फळ्यावरचं सुबक उतरवून घेणारी अनेक मुलं समोरचं वाक्य वाचताना अडतात, हे पहिली-दुसरीच्या शिक्षकांना चांगलं माहीत आहे.

वाचनाची सुरुवात कानापासून होते. 'कमळ' म्हणताना तीन टाळ्या वाजतात, 'मगर' आणि 'मडकं' एकाच आवाजाने सुरू होतात, हे मुलाला आधी ऐकून कळावं लागतं. बोललेला शब्द तुकड्यांत मोडता येतो हेच उमगलं नसेल, तर 'क' हे त्याच्यासाठी नुसतं चित्र असतं. गोष्टी, बडबडगीतं, भेंड्या आणि भरपूर गप्पा यांतून हे उमगतं. फक्त त्याचा फोटो काढता येत नाही, खरी गोची तिथे आहे.

इथे मराठी मुलाला एक फायदा आहे. 'म' या अक्षराचं नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत 'सी' म्हणताना जे ऐकू येतं, ते 'कॅट'मध्ये कुठेच नसतं. पण देवनागरीचे स्वतःचे चकवेही आहेत. 'कि'मधली वेलांटी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. 'र' तर 'प्रकाश'मध्ये पायाशी, 'सूर्य'मध्ये डोक्यावर आणि 'ट्रक'मध्ये तिसऱ्याच रूपात. म्हणूनच अनेक ठिकाणी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीने जाण्याऐवजी ग, म, र, न अशी सोपी अक्षरं आधी घेतात. चारच अक्षरांत मगर, गरम, नगर, नरम तयार होतात आणि मूल पहिल्या आठवड्यातच काहीतरी अर्थपूर्ण वाचतं.

पेन्सिलीला त्याआधी घाई नको. या वयात बोटांचे छोटे स्नायू पुरते तयार नसतात. मणी ओवणं, कणकेचे गोळे करणं, मटार सोलणं ही लिहिण्याचीच तयारी आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी हेच काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

कागदावर सरकारही याच बाजूचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या त्याच्या आराखड्यात खेळ व मातृभाषेवर भर आहे. अडचण अशी की, शिक्षण हक्क कायद्याची हमी सुरू होते सहाव्या वर्षी. त्याआधी अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे आणि गल्लीतली खासगी नर्सरी बाजाराच्या मर्जीवर. या बाजारात पालकांना दाखवता येईल असा माल म्हणजे भरलेली वही.

अंगणवाडीत चित्र उलटं आहे. तिथे वहीचा दबाव कमी, पण वजनं, पोषण आहार, गृहभेटी आणि मोबाईलवरच्या नोंदी उरकून सेविकेने गोष्ट सांगायची कधी? केंद्राने २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम आणला, त्यात सेविकांचं प्रशिक्षण आहे. पण प्रशिक्षणाने दिवसाचे तास वाढत नाहीत.

पालकांच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. पुढच्या पालकसभेत 'किती पानं लिहून झाली?' याऐवजी 'या आठवड्यात मुलांना कोणती गोष्ट वाचून दाखवली?' असं विचारता येईल. नर्सरी चालवणाऱ्यांना फी देणाऱ्यांचे प्रश्न बरोबर ऐकू येतात.