सर्व्हरवरच्या घराला कोणता क्रमांक द्यावा?

विद्यार्थी मित्रहो, सोमवारच्या तासाला तुम्ही संगणक-कक्षात खिडकीजवळच्या संगणकावर बसता आणि गुरुवारी दाराजवळच्या. सोमवारी अर्धवट राहिलेला पावसाच्या नोंदींचा तक्ता गुरुवारी तुमच्यापुढे जसाच्या तसा उघडायला हवा. हे साधायचे तर तो तक्ता समोरच्या संगणकात न राहता, सर्व संगणक ज्याला जोडलेले आहेत त्या सर्व्हरवर राहिला पाहिजे. आणि तेथे तुमच्यासाठी एक स्वतंत्र जागा राखलेली असली पाहिजे. या जागेला ‘होम फोल्डर’ म्हणतात. आपण तिला सरळ ‘घर’ म्हणू या.

ही कल्पना आजची नाही. १९६१ साली अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी व्यवस्था करून दाखवली. अनेक माणसे एका संगणकावर आली, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवणे भागच पडले. पासवर्डही तेथेच वापरात आला. पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचे काम सुरू झाले. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने अशी पद्धत तयार केली, की सर्व्हरवरचे फोल्डर समोरच्याच संगणकात असल्यासारखे वापरता यावे. शाळेतल्या सर्व्हरमागे हा सारा वारसा आहे. मग शाळांमध्ये या घरांची मांडणी कशी असावी?

काही शाळांत सर्व मुलांसाठी एकच नाव आणि एकच पासवर्ड असतो. सोय मोठी वाटते. पण जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. एखादी फाईल पुसली गेली, तर ती कोणी पुसली हे सर्व्हरला सांगता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने शाळेत एकच विद्यार्थी आहे! ही पद्धत टाकाऊ आहे, हे पटवून देण्यासाठी फार शब्द खर्च करायला नकोत.

दुसरी पद्धत दिसायला नीटनेटकी असते: आठवी, नववी, दहावी असे फोल्डर, त्यांत तुकड्या, आणि तुकडीत रोल नंबर. शिक्षकांना ती आवडते, कारण हजेरीपत्रकाशी ती तंतोतंत जुळते. माझे स्पष्ट मत असे, की हीदेखील चूक आहे, आणि दिसत नसल्यामुळे अधिक घातक आहे.

समजा, शाळेत सहाशे मुले आहेत. जून उजाडला की दहावीची मुले सोडून बहुतेक सर्वांची घरे हलवावी लागतात. तुकड्या बदलतात, रोल नंबर बदलतात. जुलैत एखाद्या मुलाला नव्याने प्रवेश मिळाला आणि रोल नंबर आडनावाच्या क्रमाने पुन्हा लावले, तर त्याच्या खालचे सारे नंबर एकेकाने सरकतात. यादी जुळवताना एका ओळीची गफलत झाली, की सतरा नंबरच्या मुलीला अठरा नंबरच्या मुलाचे वर्षभराचे काम मिळते, आणि तिचे स्वतःचे सोळा नंबरकडे जाते. शिवाय तुम्ही लिहिलेल्या आज्ञावलीत फाईलचा पूर्ण पत्ता दिलेला असेल, तर घर हलताच तो पत्ता खोटा ठरतो आणि आज्ञावली बंद पडते.

दोष हलवणाऱ्याचा नाही, पत्त्याचा आहे. जे बदलणार आहे ते पत्त्यात घालूच नये. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली वेबवरील पत्त्यांबद्दल हाच आग्रह धरला होता. मग विद्यार्थ्याच्या बाबतीत न बदलणारे असे काय आहे?

नाव म्हणाल, तर एकाच शाळेत एकाच नावाची दोन-तीन मुले सहज सापडतात. त्यात आपली नावे रोमन लिपीत लिहायची पंचाईत. ‘दीक्षा’ मधला ‘दी’ एका ‘आय’ने लिहावा की दोन ‘ई’नी? दरवेळी वेगळे लिहिले, तर सर्व्हरला त्या दोन मुली वाटतील. आधार क्रमांक किंवा पालकांचा मोबाइल नंबर तर मुळीच वापरू नये. फोल्डरचे नाव हे दारावरच्या पाटीसारखे असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. खाजगी माहिती पाटीवर कोण लिहितो?

उत्तर शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. तुम्ही शाळेत प्रवेश घेतला, तेव्हा जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद झाली आणि तुम्हाला एक क्रमांक मिळाला. तुम्ही पाचवीतून दहावीत गेलात, तुकडी बदलली, तरी तो क्रमांक तोच राहतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच छापला जातो. सर्व्हरवरच्या घराला हाच क्रमांक द्यावा. प्रवेशाचे वर्षही बदलत नाही. म्हणून ‘होम’, त्यात ‘२०२१’, त्यात ‘४३८७’ एवढाच पत्ता असावा. मग दर जूनला एकही घर हलवावे लागणार नाही. फक्त नव्या मुलांची भर पडेल.

गंमत अशी, की युनिक्स आणि तिच्या वळणावर बनलेली लिनक्स याच रीतीने चालतात. फाईलचा मालक कोण, याची नोंद तेथे नावाने होत नाही, क्रमांकाने होते. नाव बदलले तरी मालकी ढळत नाही. पण जुन्या वापरकर्त्याचा क्रमांक नव्याला दिला, तर मागे राहिलेल्या जुन्या फायलींचा मालक आपोआप तो नवा माणूस होतो! म्हणून एकदा दिलेला क्रमांक पुन्हा देऊ नये. जनरल रजिस्टरचाही नियम हाच आहे.

शिक्षक विचारतील, ‘मग नववी ब चे सारे काम मला एकत्र कसे मिळणार?’ शंका रास्त आहे. त्यासाठी ‘गट’ असतात. नववी ब हा गट करावा, त्यात मुलांची नावे घालावीत, आणि जूनमध्ये केवळ ही यादी बदलावी. गटासाठी एक सामाईक फोल्डर ठेवावे. त्यात टपालपेटीसारखी एक गृहपाठ-पेटी असावी: टाकता सर्वांना यावे, उघडून पाहता फक्त शिक्षकांना. घर आणि वर्ग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की दोघांचीही सोय होते.

घराला मर्यादाही हवी. सहाशे मुलांना प्रत्येकी दोन गिगाबाइट दिले, तर बाराशे गिगाबाइट लागतात. त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत ठेवावी. आता एक गणित करा. चाळीस मुले एकदम संगणक सुरू करतात आणि प्रत्येकाच्या घरातून ५० मेगाबाइट माहिती ओढली जाते. एकूण २००० मेगाबाइट. सर्व्हरची तार सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वाहून नेणारी असेल, तर किमान १६० सेकंद लागतील. तासातली जवळपास तीन मिनिटे गेली! म्हणून ब्राउझर साठवून ठेवतो तो तात्पुरता पसारा घरात न ठेवता समोरच्या संगणकातच राहू द्यावा.

शेवटी कुलपाविषयी. मालक, गट आणि इतर अशा तिघांना वाचण्याचे व लिहिण्याचे अधिकार वेगवेगळे देता येतात. घर मालकापुरतेच उघडे असावे. तरीही सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे मुख्य किल्ली असते आणि तिने प्रत्येक घर उघडते, हे मुलांपासून लपवू नये. ती किल्ली केव्हा वापरली जाईल, याचा नियम संगणक-कक्षाच्या भिंतीवर लिहावा. आणि शक्यतो विद्यार्थ्याच्या समक्षच त्याचे घर उघडावे. दप्तर तपासतानाही आपण एवढी रीत पाळतोच.

आणि शाळा सोडताना? कार्यालय दाखला हातात देते, तेव्हा त्याबरोबर विद्यार्थ्याच्या घराची प्रतही पेन ड्राइव्हवर द्यावी. पाचवीत काढलेले पहिले चित्र, आठवीतली पहिली आज्ञावली, दहावीचा प्रकल्प ही त्याची कमाई आहे, शाळेची अडगळ नव्हे. वर्षभर थांबून मगच सर्व्हरवरची जागा मोकळी करावी.

मित्रहो, पुढच्या तासाला आपल्या शिक्षकांना तीन प्रश्न विचारा: माझी फाईल नेमकी कोठे राहते? ती कोण कोण उघडू शकते? आणि येत्या जूनमध्ये ती कोठे असेल? तिसऱ्या प्रश्नाला ‘जेथे आहे तेथेच’ असे उत्तर मिळाले, तर तुमच्या शाळेचा सर्व्हर चांगल्या हातांत आहे, असे खुशाल समजा.