बर्फगाडीचा पट्टा आणि मालकाचा पाना

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू झाला. इलेक्ट्रॉनिक भाग असलेली वस्तू विकणाऱ्या कंपनीने तिचे सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला व बाहेरच्या कारागिराला रास्त अटींवर द्यावी, असे हा कायदा सांगतो. मात्र त्यातल्या अपवादांची यादी लांबलचक आहे. शेतीची यंत्रे आणि मोटारी तिच्यात आहेत, तशीच रस्त्याबाहेर चालणारी करमणुकीची वाहनेही आहेत. पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी, म्हणजे स्नोमोबाईल, याच वर्गात मोडते. मिनेसोटाच्या उत्तर टोकाची रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स ही दोन छोटी गावे या गाडीच्या कारखान्यांमुळे जगाला माहीत झाली. जिथे ही गाडी बनते, त्या राज्यातच तिच्या मालकाला हा हक्क नाही. हा अपवाद चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे कळायला कायद्याच्या कलमांपेक्षा घरामागच्या गॅरेजमध्ये चाललेले पट्टा बदलण्याचे काम नीट पाहणे अधिक उपयोगाचे.

हे काम सायकलची चेन उतरवून दुसरी चढवण्याइतके सोपे नाही. या पट्ट्याला सांधाच नसतो. आत कापडाचे थर आणि फायबरग्लासच्या आडव्या कांड्या घालून रबराचा एक अखंड वेढा ओतलेला असतो. त्यामुळे पट्ट्याला फिरवणारा दांडा काढल्याशिवाय पट्टा गाडीबाहेर येत नाही. आधी मागच्या चाकांजवळचे ताणाचे बोल्ट सैल करायचे. मग पट्ट्याच्या पोटातले सगळे सस्पेन्शन, त्याला धरून ठेवणारे चार-सहा बोल्ट काढून, खाली उतरवायचे. त्यातल्या पिळाच्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात. त्यांचा दाब आधी उतरवला नाही तर बोट चेमटते, मनगटही दुखावते. त्यानंतर चेनकेसमधले, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या चेनच्या बंद डब्यातले, तेल काढायचे, झाकण उघडायचे, चेनचा ताण सोडून दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन उतरवायची, दुसऱ्या टोकाचे बेअरिंग मोकळे करायचे आणि गाडी जुन्या गालिच्यावर आडवी करून दांडा तिरका करत बाहेर घ्यायचा. गाडी आडवी करण्याआधी बॅटरी काढलेली हवी आणि पेट्रोल गळणार नाही याची खात्री हवी, कारण थंड मुलखातल्या गॅरेजमध्ये अनेकदा हीटर पेटलेला असतो. दांडा हातात आला की जाणता माणूस थांबतो. बेअरिंग बोटाने फिरवून कुरकुर जाणवते का ते पाहतो, काढलेल्या तेलात लोखंडाचा कीस दिसतो का ते उजेडात बघतो, सस्पेन्शनच्या रुळांवरचे प्लास्टिकचे स्लायडर किती झिजलेत ते मोजतो. एरवी झाकणाआड राहणारे भाग या एका कामात उघडे पडतात. हंगामाआधी अशी पाहणी झालेली गाडी आडरानात दगा देण्याची शक्यता कमी.

नवा पट्टा निवडताना आकड्यांशी गाठ पडते. लांबी १२१ इंचांपासून १६५ इंचांपर्यंत आणि त्याहूनही जास्त, रुंदी बहुतेक १५ इंच, वरचे रबरी दात एक इंचापासून तीन इंचांपर्यंत. यापेक्षाही महत्त्वाचे असते दोन दातांमधले अंतर. ते कुठे २.५२ इंच, कुठे २.८६, कुठे ३ इंच असते, आणि दांड्यावरची चाके त्याच मापाची नसली तर पट्टा दात सोडून उड्या मारू लागतो. दात जास्त उंच घेतले तर ते वर छतासारख्या असलेल्या टनेलला, तिथल्या पाणी थंड करणाऱ्या नळ्यांना घासतात. सगळे परत बसवून झाल्यावर येतो ताणाचा प्रश्न. पट्ट्याच्या खालच्या बाजूला ठरावीक ओढ देऊन तो किती झोळ देतो ते मोजायचे. पण कोणती कंपनी १० पाउंडांची ओढ सांगते, कोणती १६ पाउंडांची. कुठे ती मधोमध द्यायची, कुठे मागच्या चाकापासून अमुक इंचावर. झोळ अमुक इतका असावा, एवढेच कुणी तोंडी सांगितले आणि ओढ किती व कुठे हे सांगितले नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पट्टा ढिला राहिला तर वेगात दात सोडतो. जास्त आवळला तर स्लायडर झिजतात, बेअरिंगवर भार येतो आणि इंजिनाची ताकद वाया जाते.

माझ्या म्हणण्याचा गाभा या झोळाच्या आकड्यात आहे. दुरुस्तीचा हक्क नको म्हणणारे सर्वांत आधी सुरक्षेचे कारण पुढे करतात: असे काम अर्धवट जाणणाऱ्याने केले तर अपघात होईल. धोका खराच आहे. पट्टा बसवल्यावर तो सरळ धावतो का हे पाहायला गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून तो फिरवावा लागतो. त्या वेळी दातात अडकलेला खडा किंवा निसटलेला खिळा मागे उभ्या माणसाला गोळीसारखा लागू शकतो. पण या धोक्यावर माहिती दडवून ठेवण्याचा इलाज चालत नाही. माणूस पट्टा बदलणारच आहे. सर्वांत जवळचे अधिकृत वर्कशॉप शे-दोनशे किलोमीटरवर असेल, हिवाळा मोजक्या आठवड्यांचा असेल आणि गाडीची गरज आज असेल, तर तो बोल्टला पाना लावणारच. प्रश्न एवढाच की त्या क्षणी कोणती स्प्रिंग आधी सोडायची, कोणता बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, ओढ किती पाउंडांची द्यायची हे त्याला ठाऊक असेल की तो अंदाजाने करील. आज जुन्या गाड्यांची मॅन्युअल मिळवता येतात, पण नव्या गाड्यांत इंजिनाचा दोष वाचायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. कामाचा जेवढा भाग त्या पडद्याआड जाईल, तेवढा अंदाज वाढेल आणि अंदाजाबरोबर अपघातही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात दुरुस्तीवरील बंधनांसाठी कंपन्या देत असलेली कारणे तपासली आणि त्यांना पुरेसा आधार सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. सुरक्षा हे त्या कारणांपैकी एक होते.

गाडीचा इतिहासही हेच सांगतो. क्वेबेकमधल्या वाल्कूर गावात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याने १९२६ साली, एकोणिसाव्या वर्षी, मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉं पोटातल्या आजाराने गेला. रस्ते बर्फाखाली होते आणि रुग्णालयापर्यंत पोहोचायला साधन नव्हते. बर्फावर चालणाऱ्या गाडीची खटपट बोंबार्दिए त्याआधीपासूनच करत होता. १९३७ मध्ये त्याला दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि १९५९ मध्ये एका-दोघांना बसता येईल अशी हलकी स्की-डू बाजारात आली. म्हणजे आज ज्या पट्ट्याच्या दुरुस्तीची माहिती मालकापासून दूर जाते आहे, तो पट्टा मुळात एका मेकॅनिकने गावातल्या गॅरेजमध्ये घडवला.

ही गाडी म्हणजे श्रीमंतांचा खेळ, तिच्यासाठी कायदा कशाला, असे कुणी म्हणेल. करमणुकीचे वाहन असे नाव देऊन मिनेसोटाच्या कायद्यानेही हेच गृहीत धरले आहे. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात ते खरे नाही. अलास्काच्या कित्येक खेड्यांना जोडणारा रस्ताच नाही. तिथे हिवाळ्यात शिकार, सरपण, शेजारचे गाव, सगळे या गाडीवर. नुनावुतच्या इनुइट वस्त्यांतही तसेच. फिनलंडच्या ईशान्य टोकाला सेवेट्टियार्वीच्या परिसरात राहणाऱ्या स्कोल्ट सामी लोकांचा अभ्यास पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने केला आणि १९७३ मध्ये ‘द स्नोमोबाईल रिव्होल्यूशन’ हे पुस्तक लिहिले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिली गाडी आली आणि काही वर्षांतच रेनडियरने ओढायच्या घसरगाड्या मागे पडल्या. पेल्टोंनी दाखवून दिले की वेग वाढला, पण त्याबरोबर माणसे बाहेरच्या पेट्रोलवर, बाहेरच्या सुट्या भागांवर आणि रोख पैशावर अवलंबून झाली. ज्यांना गाडी घेणे आणि चालती ठेवणे जमले नाही ते रेनडियरपालनातून बाजूला पडत गेले. रेनडियर आजारी पडला तर काय करायचे हे सामींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. यंत्राची देखभाल त्यांना नव्याने शिकावी लागली आणि ते ती शिकलेही. बाहेरून आलेल्या यंत्रावर माणसाचा ताबा राहतो तो एवढ्याच वाटेने, ते उघडून पुन्हा जोडता येण्याच्या. ती वाट बंद केली तर अवलंबित्व पुरते होते.

आणि कंपनी कायमची राहतेच असे नाही. १९६८ पासून स्नोमोबाईल बनवणाऱ्या यामाहाने २०२३ मध्ये या धंद्यातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. थीफ रिव्हर फॉल्सच्या आर्क्टिक कॅटचे उत्पादन थांबवण्याची घोषणा २०२४ च्या अखेरीस झाली आणि पुढच्या वर्षी ती कंपनी नव्या मालकांकडे गेली. नीट राखलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालते. ती विकणारे दुकान तोवर टिकेलच असे नाही. दुकानच उरले नाही तर ‘अधिकृत विक्रेत्याकडे जा’ या सल्ल्याला काय अर्थ? पट्टा दुसऱ्या कंपनीचा मिळेल, बेअरिंग बाजारात मिळेल, पण टॉर्कचा तक्ता आणि दोष वाचणारे सॉफ्टवेअर दुसरे कुणी बनवत नाही.

विक्रेत्यांच्या पोटाचा प्रश्न मला गंभीर वाटतो. या गाड्यांची दुकाने छोट्या गावांतली, हंगामी कमाईवर चालणारी आहेत आणि दुरुस्तीची मजुरी हा त्यांचा आधार आहे. तरीही पट्ट्यासारखे काम घरी करणारा माणूस पट्टा, स्लायडर, तेल, सील कुठून तरी विकतच घेतो. भाग आणि माहिती रास्त भावात द्यायची असली तर विकणारे दुकान लागतेच. शिवाय अर्धा दिवस मोडून चेनकेस उघडायची तयारी नसलेले मालक पुष्कळ असतात आणि ते दुकानाकडेच येणार. बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी रद्द होईल ही भीती तर अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानेच निराधार ठरवली आहे. आमच्याच ब्रँडचा भाग वापरा अशी अट, तो भाग फुकट दिल्याशिवाय, सहसा घालता येत नाही. धुराच्या नियमांशी छेडछाड होईल, हा आक्षेप उरतो. छेडछाड बेकायदा आहेच आणि तशीच राहावी. पण बिघडलेले यंत्र मूळ स्थितीत आणणे म्हणजे छेडछाड नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुखांनी २०२३ मध्ये तिथल्या एका शेतकरी संघटनेला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की स्वच्छ हवेचा कायदा दुरुस्ती अडवण्यासाठी नाही.

दुसरीकडे पावले पडत आहेत. कोलोरॅडोने शेतीच्या यंत्रांसाठी वेगळा कायदा करून तो २०२४ च्या पहिल्या दिवसापासून लागू केला. म्हणजे मिनेसोटाने वगळलेला एक मोठा वर्ग तिथे आत घेतला गेला. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून निदान व दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याची मुभा दिली. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. सुरुवातीला निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर बंद पडला तर काय होते हे कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि त्याच्या ट्रॅक्टरमध्येही आता इलेक्ट्रॉनिक्स शिरते आहे. उद्या आपल्याकडे कायद्याचा मसुदा येईल तेव्हा त्याची सुरुवातीची भारदस्त वाक्ये वाचून थांबू नये. अपवादांचे कलम आधी वाचावे. मिनेसोटात ट्रॅक्टर आणि बर्फगाडी दोन्ही त्याच कलमामुळे कायद्याबाहेर राहिली.

मिनेसोटाच्या विधिमंडळाने त्या यादीतून करमणुकीच्या वाहनांचे शब्द काढावेत, एवढी एक दुरुस्ती पुरेशी आहे. विक्रेत्याच्या मेकॅनिकला मिळते ते मॅन्युअल आणि दोष वाचणारे सॉफ्टवेअर रास्त किमतीत मालकालाही मिळेल. मग रोझोच्या एखाद्या गॅरेजमध्ये, बाहेर उणे वीस असताना, पट्ट्याला वजन टांगून झोळ मोजणाऱ्या माणसासमोर त्याच्या गाडीचा नेमका आकडा असेल.