सलाम पुरे, औषध वेळेवर मिळू द्या

माझे अब्बा 24 वर्षे फौजेत होते. 2005 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. आज त्यांचे वय 63 आहे. मधुमेह आहे, बीपी आहे आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे. रोजच्या सहा गोळ्या ठरलेल्या. त्या आणायला ते महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी जातात. आमच्या घरात त्याला 'ईसीएचएसला जाऊन येतो' एवढेच म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात ते असेच गेले. रांगेत तीन तास गेले. आधीच्या डॉक्टरांचे कंत्राट संपले होते, नव्या डॉक्टरांनी सगळी कहाणी पहिल्यापासून विचारली. सहापैकी चार गोळ्या मिळाल्या, दोन नव्हत्या. त्यातली एक रक्त पातळ ठेवणारी. 'पुढच्या आठवड्यात येईल,' असे खिडकीवर सांगितले. अब्बा परत आले आणि गप्प राहिले. बाजारातून आणायला सांगितले नाही, कारण बिलाचे पैसे परत मिळवण्याची दगदग त्यांना माहीत होती. अकरा दिवस ती गोळी त्यांनी घेतलीच नाही. अम्मीला रिकामे पाकीट दिसले तेव्हा आम्हाला कळले. स्टेंटनंतर ही गोळी परस्पर बंद केली तर रक्ताची गुठळी होऊ शकते. आमचे नशीब, काही झाले नाही.

हा नशिबाचा भाग असता कामा नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू झाली. त्याआधी निवृत्त फौजीला मोठ्या आजारात लष्करी रुग्णालयात जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर स्वतःचा खिसा. त्या मानाने योजना मोठीच आहे. देशभर 400 हून अधिक पॉलिक्लिनिक, करारबद्ध खासगी रुग्णालये आणि 50 लाखांहून अधिक लाभार्थी. अब्बांचा स्टेंट याच योजनेतून बसला आणि आम्हाला एक रुपया लागला नाही. हे मान्य केले नाही तर तो कृतघ्नपणा होईल.

पण ही खैरात नाही. नावातच 'अंशदायी' आहे. फौजी निवृत्त होताना वर्गणी भरतो. 2017 च्या अखेरीस ठरलेल्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंतच्या जवानाकडून एकरकमी 30,000 रुपये घेतले जातात. ज्याची वर्गणी घेतली, त्याला सेवा देणे ही जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही.

अडचण कुठे आहे? ऑपरेशन होते, पण त्यानंतरचा रोजचा उपचार सलग चालत नाही. गोळी लागून जखमी झालेल्या जवानाला तातडीने उचलून आणण्यात आपली फौज तरबेज आहे. म्हातारपणाचे आजार मात्र तसे नसतात. मधुमेहाला दर महिन्याला तेच औषध, दर तीन महिन्यांनी तीच तपासणी आणि शक्यतो तोच डॉक्टर लागतो. डायलिसिसवरच्या माणसाला तर आठवड्याचे वार चुकवून चालत नाहीत. इथे डॉक्टर बदलतो, गोळी बदलते, रुग्णालयही बदलते. प्रत्येक वेळी रुग्णाने नव्याने सुरुवात करायची.

याची कारणे कुणा एका माणसाच्या आळसात नाहीत. पॉलिक्लिनिकमधले बहुतेक डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट कंत्राटावर असतात. चांगली नोकरी मिळाली की डॉक्टर जातो आणि जागा रिकामी राहते. औषध नसेल तर 'उपलब्ध नाही' असा शिक्का घेऊन ते बाहेरून विकत घ्यायचे आणि नंतर बिल सादर करायचे, अशी सोय आहे. पण पेन्शनवर घर चालवणाऱ्याने आधी पैसे टाकायचे कुठून? खासगी रुग्णालयांची गोष्टही तशीच. त्यांना केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे सीजीएचएसच्या दराने पैसे मिळतात. त्यातले बहुतेक पॅकेज दर 2014 नंतर दहा वर्षांहून अधिक काळ जवळपास तेच राहिले, ऑक्टोबर 2025 मध्ये ते बदलले. त्यातच बिले थकली की काही रुग्णालये ईसीएचएसचे कार्ड पाहून 'बेड नाही' म्हणतात किंवा करारातूनच बाहेर पडतात. रुग्णालयाचा हिशेब सरकारशी असतो, त्याचे व्याज मात्र रुग्ण भरतो.

यातले नवीन काही नाही. कॅगने या योजनेचा तपासणी अहवाल 2015 मध्येच दिला. औषधांचा तुटवडा आणि बिलांची दिरंगाई त्यात नोंदवलेली आहे. दहा वर्षांनंतरही खिडकीवर तेच वाक्य ऐकू येते.

भूगोलाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रातली लष्करी रुग्णालये पुणे, खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर अशा छावण्यांच्या गावी आहेत. मुंबईत नौदलाचे अश्विनी आहे. पण फौजेत मुले जातात ती साताऱ्यातून, सांगलीतून, कोल्हापूरच्या डोंगरकपारीतून, कोकणातून. कोल्हापूरकडच्या माणसाला तर राज्य ओलांडून बेळगाव जवळ पडते. जवान सीमेवर असतो आणि त्याची गरोदर बायको गावी सासूसासऱ्यांजवळ. तिचा लष्करी दवाखान्यातल्या उपचारावर हक्क आहे, पण तो हक्क शंभर किलोमीटरवर आहे. मग ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते आणि हक्क कागदावर राहतो.

कागदावरून आठवले. आपल्या घरांमध्ये ही अडचण जरा जास्तच आहे. फौजीच्या नोंदीत बायकोचे नाव 'पार्ट टू ऑर्डर'ने चढते. चाळीस वर्षांपूर्वी युनिटच्या क्लार्कने ऐकून लिहिलेले नाव असते 'जैनब बी', आधार कार्डावर 'झैनब बेगम' आणि बँकेत तिसरेच काहीतरी. नवरा जिवंत असेपर्यंत हे खपून जाते. तो गेला की फॅमिली पेन्शन आणि ईसीएचएसचे कार्ड दोन्ही याच अक्षरावर अडतात. ज्या बाईने सगळा संसार एकटीने ओढला, तिला सत्तराव्या वर्षी 'तुम्हीच त्यांच्या पत्नी कशावरून?' असे विचारले जाते. मुलीचेही तसेच. तलाक झालेली किंवा विधवा मुलगी बापावरच अवलंबून असेल तर ती या योजनेत बसते. हे कितीजणांना माहीत आहे? ती माहेरी ओझे होऊन राहते आणि तिचा दमा घरगुती काढ्यावर चालतो.

आता उद्याचा विचार करा. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. आपल्या मोहल्ल्यातली मुलेही पहाटे उठून मैदानावर पळताना मी पाहते. चार वर्षांनंतर त्यांच्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना कायम केले जाणार. बाकीच्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. सेवेत अपंगत्व आले तर एकरकमी भरपाई आहे, पण गुडघ्याचे किंवा पाठीचे दुखणे पंचवीस वर्षांनी डोके वर काढते तेव्हा दार कुणाचे ठोठवायचे? भरतीला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. सही करण्याआधी हे वाचा आणि भरतीच्या भाषणांमध्ये हा प्रश्न विचारा.

तक्रार केली की दोन उत्तरे ऐकायला मिळतात. एक म्हणजे, 'फौजी माणसाने रडायचे नसते.' दुसरे आपल्याच घरातून येते: 'कशाला बोलायचे? आपल्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघतात.' अब्बांनी ही दोन्ही उत्तरे आयुष्यभर पाळली. देशभक्तीचा दाखला म्हणून वर्दीचा फोटो दिवाणखान्यात लावला आणि औषध मिळाले नाही तेव्हा गप्प बसले. मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. औषध मागण्यासाठी निष्ठेचा पुरावा लागत नाही आणि औषध मागितल्याने निष्ठा कमीही होत नाही. हा वर्गणी भरलेल्या नागरिकाचा साधा हिशेब आहे. 26 जानेवारीला व्यासपीठावर शाल घालून सत्कार करणाऱ्यांनी एकदा त्या माणसाला त्याच्या गोळ्यांबद्दलही विचारावे.

सरकारने काय करावे, हे स्पष्ट आहे. कंत्राट वर्षाचे न ठेवता लांब मुदतीचे करावे. कायमच्या आजारांची औषधे तीन महिन्यांची एकदम द्यावीत. रुग्णालयांची बिले ठरलेल्या मुदतीत फेडावीत. लांबच्या तालुक्यांत फिरते पथक पाठवावे.

पण तोवर आपण काय करू शकतो? आपल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी एवढे तरी करावे. आपल्या वस्तीत किती फौजी आणि किती वीरपत्नी आहेत, त्यांची यादी करा. सेवेची नोंद, आधार आणि बँक, तिन्हीकडची नावे जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर माणूस जिवंत असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीचा अर्ज करा. तातडीच्या वेळी करारात नसलेल्या रुग्णालयात दाखल करावे लागले तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. ही ओळ कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवा. औषध मिळाले नाही तर तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी शिक्का मागा. दाद लागली नाही तर पॉलिक्लिनिकचा प्रमुख अधिकारी, मग प्रादेशिक केंद्र, मग केंद्राचे तक्रार पोर्टल, या क्रमाने जा. महिन्याला किती औषधे संपलेली होती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

मी गेल्या सहा महिन्यांपासून अब्बांच्या सोबत जाते. एक वही केली आहे. कोणती गोळी, किती तारखेला मिळाली, कोणत्या डॉक्टरांनी काय बदलले. नव्या डॉक्टरांसमोर ती वही ठेवली की पहिल्यापासून सांगावे लागत नाही. मागच्या महिन्यात रांगेतल्या दोन चाचांनी माझ्याकडे ती वही मागितली. एक मराठा लाइट इन्फंट्रीचे होते, दुसरे सिग्नल्सचे. त्यांनाही तशाच वह्या करून दिल्या. तिघांच्याही वहीत एकाच आठवड्यात एकच गोळी 'उपलब्ध नाही' निघाली. आता तक्रारीचा अर्ज आम्ही तिघांच्या सहीने देणार आहोत. अब्बांनी पहिली सही केली.