देवडीवरचा माणूस

हजेरी घेताना मागच्या बाकावरून दोन निरनिराळ्या क्रमांकांना एकाच आवाजात 'येस सर' आले, तर मी मान वर करीत नाही. वीस वर्षांच्या मास्तरकीत एवढे शहाणपण अंगी आले आहे. या विद्येला आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत 'प्रॉक्सी लावणे' म्हणतात. त्यामुळे गेल्या वर्षी पुण्याच्या भाच्याने फोनवर, ''मामा, तुम्हाला घरी एक रिव्हर्स प्रॉक्सी लागेल,'' असे सांगितले तेव्हा मी चपापलोच. सुलटी प्रॉक्सी निस्तरता निस्तरता नोकरी चालली आहे. त्यात ही उलटी कुठून आली?

त्याचे असे झाले. मी कॉलेजात शिकत असताना, 1996 साली, एका उन्हाळ्याच्या सुटीत आईच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या होत्या. सात कॅसेटी भरल्या. आई गेली आणि कॅसेटी कपाटात राहिल्या. पुढे कधीतरी काढून पाहिल्या तो दोन कॅसेटींना बुरशी! घाबरून उरलेल्या पाचांतला आवाज संगणकात उतरवून घेतला. मग जुन्या लॅपटॉपवर नेव्हिड्रोम नावाची गाणी ऐकविणारी व्यवस्था बसविली, शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर घरचे फोटो लावले, आणि दोन्ही यंत्रे माळ्याखालच्या फडताळात चालू ठेवली. घरातल्या घरात सारे झकास चालले. पण नाशिकची ताई म्हणाली, ''तुम्ही रोज ऐकता, आणि मी काय करू?''

एखाद्या मोठ्या कंपनीच्या कोठारात त्या ओव्या ठेवता आल्या असत्या. तसे करणाऱ्यांना मी नावे ठेवीत नाही. परंतु आईचा आवाज भाड्याच्या खोलीत ठेवायला माझे मन घेईना. म्हणजे आता नाशिकहून ताईला आमच्या फडताळापर्यंत यायला वाट हवी होती.

माझे आजोळ शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात. आत पाच बिऱ्हाडे, बाहेर दरवाजा मात्र एकच, आणि दरवाज्याला लागून देवडी. आलेल्याने देवडीवर नाव सांगायचे. तिथला म्हातारा त्याला नेमक्या बिऱ्हाडाकडे धाडायचा. कोण कुठल्या खोलीत राहतो हे बाहेरच्याला कळायचे कारण नव्हते. उलटी प्रॉक्सी म्हणजे हाच म्हातारा. साधी प्रॉक्सी आतल्यांच्या वतीने बाहेर जाते. ही बाहेरच्यांना सामोरी जाऊन आतल्यांचा निरोप आणून देते. इंटरनेटवर घराचा पत्ता एकच असतो. त्यावर येणारा पाहुणा 'ओव्या' म्हणाला की त्याला लॅपटॉपकडे न्यायचे, 'फोटो' म्हणाला की दुसऱ्या यंत्राकडे. शिवाय वाटेत कुणी संभाषण ऐकू नये म्हणून जे प्रमाणपत्र लागते, तेही हाच म्हातारा आणून ठेवतो. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था 2015 सालापासून अशी प्रमाणपत्रे फुकट देते. त्यांची मुदत फार तर नव्वद दिवसांची, म्हणून पुन्हा पुन्हा नवी आणावी लागतात.

(आमच्या इंटरनेटवाल्याने पुष्कळ घरांना मिळून एकच पत्ता दिलेला होता. तसा पत्ता असला की बाहेरचा पाहुणा आपल्या दरवाज्यापर्यंत पोचतच नाही. दरमहा चार पैसे अधिक देऊन स्वतंत्र पत्ता घेतला, तेव्हा गाडे पुढे सरकले. हे काम आधी करावे, म्हणजे माझ्यासारखे दोन रविवार फुकट जात नाहीत.)

आता म्हातारा कोणता नेमावा? इगोर सिसोएव नावाच्या रशियन गृहस्थांनी 2004 साली जगापुढे ठेवलेला 'एन्जिनएक्स' हा यांतला नामांकित गडी. त्याला सगळ्या आज्ञा एका फायलीत लिहून द्याव्या लागतात आणि प्रत्येक आज्ञेनंतर अर्धविराम द्यावा लागतो. मी लिहिली फाईल. एक अर्धविराम राहिला, आणि त्याने काम करायचे साफ नाकारले! विरामचिन्हांसाठी मी आजवर ज्यांचे गुण कापले, त्या सर्व विद्यार्थ्यांची त्या रात्री मनोमन क्षमा मागितली. 'कॅडी' नावाचा दुसरा आहे. तो दोन-तीन ओळींत समजतो आणि प्रमाणपत्रही न सांगता आणतो. मला एकट्याला चालवायचे असते तर मी कॅडीच घेतला असता. 'ट्रॅफिक' नावाचा तिसरा डॉकरच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून आपले आपण ठरवितो. त्याचे एक देखणे पानही असते, पण ते पाहण्यापुरते. त्यावर बदल करता येत नाहीत. डब्यांची चळत असणाऱ्यांनी तो घ्यावा.

मी घेतला 'एन्जिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर'. आत गडी तोच, अर्धविरामवाला. पण त्याच्याशी बोलायला ब्राउझरमध्ये एक पान मिळते. पाहुण्याने सांगायचे नाव, आतल्या यंत्राचा पत्ता, दाराचा क्रमांक अशा रकान्यांचा साधा फॉर्म. भाचा म्हणाला, ''मामा, तुम्ही फाईल लिहायला शिकलात, आता हे कशाला?'' त्याला मी एवढेच म्हटले, ''घरात मी एकटा राहत नाही.''

त्याचा प्रत्यय लवकरच आला. पेपर तपासणीसाठी मी कोल्हापूरला होतो. सोलापुरात वळवाचा पाऊस झाला, वीज गेली, आली. आणि ओव्यांच्या जागी ताईला '502' असा आकडा दिसू लागला. तिने आमच्या घरी फोन केला. सौ. शाळेत गणित शिकविते. आकडा चुकला की तिला चैन पडत नाही. तिने राउटरच्या पानावर पाहिले तो लॅपटॉपला वीज आल्यावर नवा अंतर्गत पत्ता मिळालेला, आणि फॉर्ममध्ये अजून जुना. शेवटचा आकडा खोडून नवा घातला, झाले. मला ही हकीकत रात्री जेवताना फोनवर कळली, तीही 'दूधवाल्याचे पैसे दिले' या वाक्याच्या पाठोपाठ. फाईल असती तर लॅपटॉप मी परत येईपर्यंत मुकाच राहिला असता. (लॅपटॉपला कायमचा पत्ता नेमून द्यायला मी विसरलो होतो, ही गोष्ट अलाहिदा.)

पण या सोयीच्या पानानेच मला एकदा घाम फोडला आहे. ते पान 81 क्रमांकाच्या दारावर असते. बाहेरच्या पाहुण्यांसाठी 80 आणि 443 ही दोनच दारे उघडावयाची. मला मात्र कॉलेजच्या स्टाफरूममधून कारभार पाहायची हौस. मी 81 देखील उघडले. आणि मी घेतलेल्या आवृत्तीत सुरुवातीला जो पासवर्ड ठरलेला येत असे, जो जगजाहीर होता, तो 'उद्या बदलू' म्हणून तसाच ठेवला! तिसऱ्या दिवशी नोंदवही चाळली तर देशोदेशींच्या पत्त्यांवरून लोक दार ठोठावून गेलेले. कुणी वर्डप्रेसचे लॉगिन पान विचारीत होता. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच. ही माणसे नव्हेत, यंत्रे. ती इंटरनेटवरचे प्रत्येक दार असेच हलवून पाहत असतात. भाच्याला सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ''मामा, देवडीच्या किल्ल्यांचा जुडगा तुम्ही दरवाज्याला बाहेरून टांगलात.''

आत कुणी शिरल्याची खूण सापडली नाही. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. त्या पाच कॅसेटींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सकाळी उठून आधी 81 बंद केले, मग पासवर्ड बदलला, आणि दुपारी सगळ्या ओव्या एका डिस्कवर उतरवून ती नाशिकला धाडली. आता बाहेरगावाहून ते पान उघडायचे तर मी वायरगार्डच्या खाजगी बोगद्यातून घरात येतो आणि मगच उघडतो.

भाच्याचे म्हणणे, सगळ्यांनीच बोगद्यातून यावे, देवडी हवीच कशाला? शास्त्र म्हणून त्याचे बरोबर आहे. पण साठीच्या ताईला मी फोनवरून बोगदा खणायला शिकवू? आम्ही तडजोड केली. फोटो बोगद्यातूनच दिसतात. त्यांत मुलाबाळांचे चेहरे आहेत. देवडीवरून फक्त ओव्या मिळतात, त्याही पासवर्ड सांगितल्यावर.

गेल्या भाऊबीजेला ताईला येता आले नाही. सकाळी सातला तिचा फोन आला. मागे आई गात होती.

''दुसऱ्या कॅसेटीत ती मधेच थांबते बघ,'' ताई म्हणाली, ''आणि 'अरे, दूध उतू चाललं' म्हणून ओरडते. ते काढू नकोस हं.''