गंधातून रोगज्ञान : वारसा आणि उत्तरदायित्व

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात घरातील माणसाच्या अंगाचा वास बदलला, तर तो सर्वप्रथम जाणवतो गृहिणीला. ती तसे बोलूनही दाखवते. परंतु ‘बायकांचे काहीतरीच’ म्हणून तो विषय बहुधा तेथेच संपतो. मग रोग हाताबाहेर गेला की अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते आणि त्या वाटेवर अनेकदा शेताचा तुकडा विकला जातो.

असेच एक निरीक्षण स्कॉटलंडमध्ये ऐकले गेले. जॉय मिल्न या परिचारिकेला पतीच्या अंगाला निराळा वास येऊ लागल्याचे जाणवले. त्यानंतर सुमारे १२ वर्षांनी त्यांना कंपवात असल्याचे निदान झाले. एडिंबरा विद्यापीठाचे टिलो कुनाथ यांनी रुग्णांचे व निरोगी माणसांचे वापरलेले सदरे देऊन त्यांची परीक्षा घेतली. त्यांनी सर्व रुग्ण अचूक ओळखले. चूक झाली ती एका निरोगी व्यक्तीबाबत. काही महिन्यांनी त्या व्यक्तीलाही कंपवात असल्याचे निष्पन्न झाले! २०१९ मध्ये मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन आणि सहकाऱ्यांनी या वासामागील द्रव्यांचा माग त्वचेवरील तेलकट स्रावात काढला. त्याआधी १९३४ मध्ये नॉर्वेत दोन मतिमंद मुलांच्या मातेने त्यांच्या विचित्र वासाचे कारण शोधण्याचा ध्यास घेतला होता. त्यातूनच डॉ. फोलिंग यांना फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात विकाराचा शोध लागला.

हे वाचून ‘यात नवीन काय? हे तर आमच्या ग्रंथांत आहेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. आणि ते खोटेही नाही. सुश्रुताने रोगपरीक्षेत पाचही ज्ञानेंद्रियांना स्थान दिले असून व्रणाचा गंध नाकाने जाणावा, असे सांगितले आहे. चरकाच्या इंद्रियस्थानात गंधावर स्वतंत्र विवेचन आहे. मात्र ते मुख्यतः अरिष्टाचे, म्हणजे आसन्नमरणाच्या लक्षणांचे आहे. याहून मोलाचा उल्लेख निदानस्थानात सापडतो. प्रमेहाच्या पूर्वरूपांत, अर्थात रोग पूर्ण प्रकट होण्यापूर्वीच्या चिन्हांत, चरकाने अंगाला येणारी आमगंधासारखी दुर्गंधी नोंदवली आहे. मूत्राकडे मुंग्या धावतात, हेही तेथेच सांगितले आहे. रोग दाराशी असतानाच त्याला ओळखण्याची ही दृष्टी होय.

प्रश्न असा की, या दृष्टीचे वारसदार काय करीत आहेत? हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले ते अभिमानाच्या भाषणांनी नव्हे; डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुरावे मांडले म्हणून. ऋषींचे वचन हे संशोधनाचे प्रस्थान आहे, पूर्णविराम नव्हे. आयुर्वेद महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी रुग्णाच्या गंधाची पद्धतशीर नोंद ठेवावी, ती रक्ततपासणीशी पडताळावी आणि जे टिकणार नाही ते निःसंकोच बाजूला सारावे. चरकाला याहून मोठी आदरांजली ती कोणती?

यात एक धोकाही आहे. अंगाच्या वासावरून श्रमिकाला हिणवण्याचे पाप या समाजाने पुष्कळ केले आहे. शेतात राबणाऱ्याच्या घामाला रोग ठरवणे हे अज्ञान तर आहेच, अधर्मही आहे. गंध हा केवळ संशय होय, निर्णय नव्हे. आहार, तंबाखू आणि औषधे यांनीही तो बदलतो. मात्र मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येऊ लागला आणि त्यासोबत उलट्या वा ग्लानी असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

मेहकर तालुक्यातच शुकदास महाराजांनी उभारलेला हिवरा आश्रम आहे. तेथे विवेकानंद जयंतीला लाखोंची पंगत बसते. रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, हा विचार या मातीला नवा नाही. अशा मेळ्यांत आणि गावोगावच्या सप्ताहांत साखर व रक्तदाब तपासणारे स्वयंसेवक बसावेत; त्यांनी आशा सेविकेप्रमाणेच घरच्या माउलीलाही आवर्जून विचारावे, “माणसात काही बदल जाणवला का?” तिचे उत्तर वहीत उतरेल, त्या दिवशी जानेफळच्या एखाद्या घरचा तो शेताचा तुकडा वाचेल.