पोलिसांना जमत नाही ते हप्त्याला जमतं

परवा रात्री एक जुना जर्मन सिनेमा पुन्हा पाहिला. 'द एज्युकेटर्स'. 2004 चा, दिग्दर्शक हान्स वाइनगार्टनर. मूळ जर्मन नावाचा अर्थ साधारण 'सुबत्तेचे दिवस संपले' असा. शेवटही सांगणार आहे, आधी पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

बर्लिनमधली दोन पोरं, यान आणि पीटर. श्रीमंत माणसं सुट्टीवर गेली की रात्री त्यांच्या बंगल्यात शिरतात. चोरी करत नाहीत. सोफे, खुर्च्या, टेबलं एकमेकांवर रचून ठेवतात आणि चिठ्ठी सोडून जातात, की तुमच्याकडे पैसा फार झालाय. बस. माणसाला स्वतःच्या घरात सुरक्षित वाटू नये, एवढाच उद्योग.

पीटरची मैत्रीण यूल. विमा संपलेली तिची गाडी एका उद्योगपतीच्या महागड्या मर्सिडीजवर आदळली. भरपाई लाखभर युरोंच्या आसपास. पोरगी हॉटेलात वेटर. म्हणजे पुढची कित्येक वर्षं ती त्या एका माणसासाठी राबणार. हार्डेनबर्ग त्याचं नाव. पुढे याच्याच बंगल्यात शिरताना घोटाळा होतो आणि तिघं त्याला उचलून डोंगरातल्या घरात नेतात. नेलं खरं, पण याचं करायचं काय, हे तिघांनाही कळत नाही. अपहरणाचं समर्थन मी करणार नाही. तो रस्ता चुकीचाच, आणि सिनेमाही ते लपवत नाही.

खरी गोष्ट त्या घरात कळते. हा हार्डेनबर्ग 1968 च्या विद्यार्थी चळवळीतला पुढारी निघतो! मग बदलला कसा? तो सांगतो ते ऐकण्यासारखं आहे. जुनी गाडी गेली, बरी गाडी आली. लग्न झालं, पोरं झाली, घर घेतलं, शिक्षणाचा खर्च आला, कर्ज आलं. कुठल्याही एका दिवशी त्याने विचार सोडले नाहीत. हळूहळू मतपेटीपर्यंत सगळंच बदललं.

आपल्याकडे लगेच म्हणतात, वय झालं की सगळेच सरळ होतात. मला हे पटत नाही. त्याच काळात महाराष्ट्रात युक्रांद होती, 1972 ला दलित पँथर आली. त्यातले काही सत्तेच्या वळचणीला गेले, काही शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. वय तर दोघांचंही झालं. हार्डेनबर्गला घराच्या कर्जाने बदललं, यूलला तर काहीच विकत न घेता कर्जाने बांधून टाकलं. दोरी एकच, टोकं दोन.

आपल्या तालुक्यातलंच बघा. काही वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्याकडे निवेदनं घेऊन यायचा. बचत गटातल्या बायकांच्या दारात वसुलीवाले रात्री-अपरात्री येतात म्हणून तहसीलसमोर उपोषणाला बसला होता. फोटो मीच छापला. पोलिसांनी दोनदा उचलला, तिसऱ्यांदा परत बसला. मग बहिणीचं लग्न झालं, मोटरसायकल आली, दोन्ही कर्जावर. आज तो एका फायनान्स कंपनीची वसुली करतो. त्याच वस्तीत.

लोक त्याला हसतात. मी हसत नाही. घराचं कर्ज घेतल्यापासून मीही काही बातम्या 'उद्या बघू' म्हणून ठेवल्यात, आणि तो उद्या आला नाही. जाहिरात कोण देतं हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. गावातली पोरं मोर्चाला का येत नाहीत, असं भाषणात विचारणाऱ्यांनी आधी त्यांचा हप्ता किती ते विचारावं. पगार किती आणि नोकरी किती दिवसांची, तेही विचारावं. पोरांचा विचार मेलेला नसतो, महिन्याच्या 5 तारखेला घाबरलेला असतो.

सिनेमाच्या शेवटी पोलीस दार फोडून आत शिरतात. घर रिकामं. भिंतीवर चिठ्ठी, की काही माणसं कधीच बदलत नाहीत. ती त्या तिघांबद्दल आहे की हार्डेनबर्गबद्दल, तुम्हीच ठरवा.

गेल्या आठवड्यात त्या पोराचा फोन आला होता. "दादा, वस्तीतल्या पाण्याचं निवेदन लिहून द्याल का? फक्त माझं नाव टाकू नका."

लिहून दिलंय. नाव टाकलेलं नाही.