पाहुण्याचाही धर्म असतो

गेल्या गणपतीत पुण्याहून आलेल्या आमच्या चिरंजीवांनी आरती आटोपल्यावर, मोदक हातात असतानाच, एक घोषणा केली. आमच्या लग्नाला पुढच्या वर्षी तीस वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्त तो आम्हा दोघांना इटलीला नेणार. इटलीत कुठे? तर पोर्तोफिनोला. त्याने मोबाईल पुढे केला. पिवळ्या, गुलाबी, गेरूच्या रंगाच्या घरांची ओळ, मधोमध हिरवेगार पाणी, पाण्यावर पांढऱ्या बोटी आणि मागे झाडांनी भरलेला डोंगर. सौ.नी चष्मा पुसून ते चित्र दोनदा पाहिले. मीही पाहिले, बेताचा कागद वाचला आणि म्हणालो, "मी येणार नाही." मग सणाच्या दिवशी घरात जे व्हायचे ते झाले.

घरातले भांडण अंकात छापायची मला हौस नाही. पण शाळेत पालक भेटतात, माजी विद्यार्थी भेटतात, आणि त्यांच्या घरीही हेच चालले आहे असे दिसते. मुले पुण्या-बंगळूरला कमावती झाली. ज्यांच्या आजोबांची मजल पंढरपूर-गाणगापूरच्या पुढे गेली नाही, त्यांची नातवंडे युरोपची तिकिटे काढतात. त्यात वाईट काय आहे? काहीच नाही. माझे भांडण जाण्याशी नाही, जाण्याच्या बेताशी आहे.

चिरंजीवांचा बेत असा होता. नऊ दिवस, पाच ठिकाणे. त्यांत पोर्तोफिनोला दोन रात्री, त्याही ऐन जुलैत. दोन रात्रींचे हॉटेलचे भाडे माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त. पहिल्या दिवशी पोहोचून 'सूर्यास्ताचे फोटो', दुसऱ्या दिवशी 'धक्क्यावरचे फोटो' आणि 'बीच'. मी भूगोलाच्या मास्तराप्रमाणे विचारले, "बीच कुठला?" तेव्हा कळले की त्याने ते पाहिलेच नव्हते. पोर्तोफिनोच्या बंदराला वाळूचा किनारा नाही. तिथे आहे तो दगडी धक्का आणि त्याला लागून छोटा चौक. वाळू हवी तर जवळच्या पाराज्जीच्या चिमुकल्या खाडीपर्यंत जावे लागते. समुद्राकाठच्या गावी जायचे ठरले, पैसे मोजायची तयारी झाली, आणि त्या गावाला किनारा आहे की नाही एवढेही कोणी विचारले नाही! कारण जायचे गावाला नव्हतेच, जायचे होते चित्रात.

आणि चित्रच हवे असेल तर एवढ्या लांब जायचे कारण काय? अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरात एका मनोरंजन नगरीपाशी 1999 साली एक हॉटेल उघडले. ते हुबेहूब पोर्तोफिनोच्या बंदरासारखे बांधले आहे. तीच रंगीत घरे, तसेच पाणी. तिथे कोणाची झोपमोड होत नाही, कारण तिथे गावकरीच नाहीत.

खऱ्या पोर्तोफिनोत मात्र गावकरी आहेत. फार थोडे, चारशेच्या आतबाहेर. आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या तुकड्या मिळून याहून जास्त मुले होतात. मूळचे हे मासेमारांचे गाव. 1867 साली एका इंग्रज वकिलातीच्या अधिकाऱ्याने टेकडीवरचा किल्ला विकत घेतला. पुढे श्रीमंत इंग्रज येऊ लागले. 1902 साली जुन्या मठाच्या जागी मोठे हॉटेल झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर सिनेमाचे नट-नट्या आले, आणि त्यांच्यामागून त्यांना पाहणारे. आज गावाच्या वेशीपाशीच गाड्या थांबवतात, पुढे पायी जायचे. तरीही धक्क्यावर फोटोसाठी थांबणाऱ्यांनी वाट अडू लागली, तेव्हा 2023 च्या एप्रिलमध्ये तिथल्या नगरपालिकेने दोन जागा ठरवून दिल्या, जिथे सकाळी साडेदहापासून संध्याकाळी सहापर्यंत नुसते घुटमळत उभे राहायला बंदी. मोडली तर 275 युरोपर्यंत दंड. हा नियम त्या वर्षीच्या हंगामापुरता होता. पण उभे राहण्यालाच दंड, यातून त्या गावाने आपल्याला काय सांगितले हे ओळखायला एम. ए. व्हावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, हे गोऱ्या लोकांच्या गर्दीचे पाप, आपला काय संबंध? संबंध आहे. 2024 च्या मे महिन्यात आपल्याच देशातल्या एका धनाढ्य घराण्याचा लग्नापूर्वीचा सोहळा जहाजातून भूमध्य समुद्रात फिरला आणि 1 जूनला पोर्तोफिनोला संपला. गावचा चौक पाहुण्यांसाठी राखला गेला, आणि स्थानिकांच्या नाराजीच्या बातम्याही आल्या. आपल्याकडे त्याच रात्रीच्या नाचगाण्याची चित्रे कौतुकाने घरोघर पाहिली गेली. ज्यांचा चौक होता ते त्या रात्री कुठे बसले असतील, हा प्रश्न मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

आपण भारतीय माणसे पाहुण्याला देव मानतो असे अभिमानाने सांगतो. शाळेच्या भिंतींवर तसे सुविचार मीच रंगवून घेतले आहेत. म्हणजे यजमानाचा धर्म आपण पाठ केला. पण पाहुण्याचा धर्म? तो कोणत्याच भिंतीवर नाही. तो न शिकवणाऱ्यांत मीही आहे. 2003 साली मी वेंगुर्ल्याला शाळेची सहल नेली होती. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल होता. खारवलेले मासे वाळत घालणाऱ्या एका बाईंचे मी तीन-चार फोटो काढले, मुलांना 'कोकणातील जनजीवन' समजावले आणि निघालो. मागून आवाज आला, "मास्तरानू, फोटो काढलात, माजा नाव इचारलात?" मुले हसली. मीही हसलो. तो फोटो अजून शाळेच्या कपाटात आहे. खाली लिहिले आहे, 'कोळीण'.

म्हणून पोर्तोफिनोच्या लोकांबद्दल चार गोष्टी मी मुद्दाम वाचून काढल्या, आणि आपल्या भागातल्या वाचकांना त्यांतली एक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या किनाऱ्याचे नाव लिगुरिया. तिथली स्वतःची बोली आहे, इटालियनहून वेगळी. तिच्यात गावाचे नाव 'पोर्तोफिन'. जिनोव्हा शहरातला एक कवी, ज्याचे नावही आज कोणाला ठाऊक नाही, तेराव्या शतकाच्या अखेरीस या भाषेत कविता लिहीत होता. म्हणजे इकडे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच सुमारास. 1999 साली इटलीने अल्पसंख्य भाषांच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात बारा भाषासमूहांची नावे आहेत, लिगुरियनचे नाही. आज ती बोलणारी बहुतेक म्हातारी माणसे आहेत. घराची भाषा एक आणि कागदाची दुसरी असली म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

उलट दोन भाषांत वाढल्याचा एक गुण आपल्या अंगी आहे. बेळगावच्या बाजारात भाजीवाल्या बाईंना "एष्टु री?" म्हणून विचारले की त्यांचा चेहरा कसा उजळतो, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असते. दुसऱ्याच्या भाषेतला एक शब्द म्हणजे त्याच्या उंबऱ्यावर चप्पल काढणे. मग ही रीत आपण विमानतळावर का सोडून जातो? व्हिसासाठी 90 युरो भरतो, 30,000 युरोंचा विमा उतरवतो, बँकेचे उतारे जोडतो, बोटांचे ठसे देतो. त्या देशाच्या सरकारने मागितले ते सगळे निमूट देतो. तिथल्या माणसाने मात्र काही मागितलेले नसते, म्हणून त्याला द्यायचे आपल्याला सुचतच नाही.

चिरंजीवांचे म्हणणेही इथे मांडले पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. तो म्हणाला, "बाबा, त्या गावाचे पोट आमच्यासारख्यांवरच चालते. आणि दोनशे वर्षे गोऱ्यांनी जग पाहिले, तेव्हा कोणी धर्म विचारला नाही. आमची पाळी आली की तुम्ही नियम काढता." यात तथ्य आहे. पण पोट चालते म्हणून घरात कसेही वागावे, हे मी खाणावळीतही मान्य करणार नाही. आणि आधीच्यांनी चूक केली तर तीच करण्याचा आपल्याला हक्क मिळतो, हा हिशेब मी वर्गात कोणाला मांडू दिलेला नाही. शिवाय गोऱ्यांतही निराळी रीत होती. 1922 साली निघालेली एलिझाबेथ फॉन आर्निम यांची 'द एन्चँटेड एप्रिल' ही कादंबरी पोर्तोफिनोच्याच किल्ल्यातल्या मुक्कामातून जन्मली. तिच्यातल्या चार बायका तिथे दोन तासांसाठी जात नाहीत, महिनाभर राहतात.

नुसता विरोध करणारा मास्तर कोणालाच आवडत नाही, म्हणून मी माझा बेतही मांडला. जुलै नको, एप्रिलचा शेवट किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध. पाच ठिकाणे नकोत, एकच. मुक्काम पोर्तोफिनोला नको, त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या कामोलीला. ते जिनोव्हाहून आगगाडीने पाऊण तासाच्या आसपास. एके काळी हजार शिडांचे गाव म्हणून गाजलेले, आणि आजही तिथले मासेमार शेकडो वर्षांच्या जुन्या पद्धतीने समुद्रात जाळे बांधतात. तिथल्या घरांच्या भिंतींवर खिडक्या रंगवलेल्या असतात. काही खऱ्या, काही नुसत्या रंगाच्या. खरी कोणती हे कळायला थोडा वेळ उभे राहावे लागते, आणि तिथे त्याला दंड नाही. एक दिवस बोटीने सान फ्रुत्तुओसोला जायचे. जुना मठ आहे, आणि तिथे पोहोचायला समुद्र नाहीतर पायवाट, दोनच मार्ग, मोटाररस्ता नाही. तिथल्या समुद्राच्या तळाशी 1954 साली ठेवलेली ख्रिस्ताची ब्राँझची मूर्ती आहे. एका पाणबुड्याच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणार्थ ठेवलेली, हात वर केलेली. आणि एक सकाळ पोर्तोफिनोसाठी. सांता मार्गेरिताहून किनाऱ्याकिनाऱ्याने पाच किलोमीटर चालत, गर्दीच्या आधी पोहोचायचे, एक कॉफी घ्यायची, देवळापर्यंत चढून दोन्हीकडचा समुद्र पाहायचा आणि साडेदहाच्या आत गाव गावकऱ्यांना परत करायचे. सौ. शाकाहारी आहेत, त्यांची चिंता नको, त्या मुलखात तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी आणि तेलात भिजलेली भाकरीसारखी फोकाच्चा गल्लोगल्ली मिळते. खर्च? पहिल्या बेताच्या निम्म्याच्या आत.

घरमालकिणीसाठी आपला कुंदा न्यावा असे मला फार वाटत होते. चौकशी केली तर युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तो विचार सोडून शहापुरी साडीच्या काठाची एक पिशवी शिवून घ्यायचे ठरवले.

बेत ऐकून चिरंजीव बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बेत चांगला आहे, बाबा. पण तीस वर्षांत तुम्ही आईला कुठे नेलंत?" मी आठवू लागलो. कोल्हापूर. गोवा, दोनदा. आणि एकदा बंगळूर, तेही माझ्या वेतननिश्चितीच्या कामासाठी. त्या दिवशी त्या कार्यालयाच्या बाकावर चार तास बसून होत्या. मी उत्तर दिले नाही. पाहुण्याचा धर्म सांगायला निघालेल्या माणसाने आपल्या मुलाचे आमंत्रण कसे घेतले होते? त्याने हौसेने वाढलेले ताट मी चव न घेताच सरकवले होते. हा लेख छापायला देताना तेवढे कबूल करणे मला भाग आहे. बेताबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. "मी येणार नाही" हे मात्र मागे घेतले आहे.

निकाल सौ.नी दिला. मुक्काम कामोलीला, महिना सप्टेंबर. पण पोर्तोफिनोच्या धक्क्यावर एक फोटो निघणार, आणि त्यात मी हसणार. मी मान्य केले.

सध्या रात्री जेवणानंतर आमचा इटालियनचा वर्ग चालतो. शिक्षक चिरंजीव, फोनवरून. तिकडे कोणाच्या घरात पाऊल टाकताना पाहुणा दारातच म्हणतो, "पेर्मेस्सो?" म्हणजे, येऊ का? सौ. हा शब्द स्वयंपाकघरात येता-जाता म्हणतात. परवा मी चहा मागायला आत गेलो, तर ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहूनच म्हणाल्या, "अहो, आधी विचारा."

मी उंबऱ्यापाशी थांबलो आणि विचारले.